'युरेशियन' ते 'अँग्लो-इंडियन' : एका वासाहतिक संज्ञेची चिकित्सा

तृतीय वर्ष कला शाखेच्या वर्गात शरणकुमार लिंबाळे यांचे 'अक्करमाशी' हे आत्मकथन शिकवीत असताना एका विद्यार्थिनीने विचारले, "मॅडम, मग अँग्लो-इंडियन म्हणजे इंग्रजांचे अक्करमाशीच का?" वर्ग हसला. आदल्या आठवड्यात राज्यशास्त्राच्या तासाला तिने लोकसभेतील नामनियुक्त जागांविषयी ऐकले होते आणि दोन वेगवेगळ्या तासांतील दोन शब्द तिने एकमेकांशेजारी ठेवून पाहिले होते. 'तसे म्हणता येणार नाही' एवढेच उत्तर मी त्या वेळी दिले. का म्हणता येणार नाही, हे मात्र मला सांगता आले नाही.

प्रस्तुत लेख म्हणजे त्या अपुऱ्या उत्तराचा पाठपुरावा आहे. युरोपीय पुरुष आणि भारतीय स्त्री यांच्या संबंधांतून जन्मलेल्या संततीसाठी वसाहतकाळात कोणती नावे रूढ झाली, त्यांचा अर्थ कसकसा पालटला आणि तो पालटत असताना कोणाचा उल्लेख टिकला व कोणाचा गळाला, एवढाच प्रश्न येथे हाताळला आहे. या विषयावर इंग्रजीत भरपूर लेखन झाले आहे. ख्रिस्तोफर हॉज यांचा 'पुअर रिलेशन्स' (१९९६) आणि दुर्बा घोष यांचा 'सेक्स अँड द फॅमिली इन कलोनियल इंडिया' (२००६) हे दोन ग्रंथ त्यांत विशेष महत्त्वाचे आहेत. मराठीत मात्र आपण या संज्ञा बहुधा कोशातील अर्थ म्हणून स्वीकारतो आणि पुढे जातो. मराठी भाषकांच्या प्रदेशाशी या संज्ञांचा निकटचा संबंध आलेला असतानाही हे घडावे, याचे आश्चर्य वाटते.

नावांची वंशावळ

या नावांचा आरंभ इंग्रजांपासून नव्हे, पोर्तुगीजांपासून करावा लागतो. १५१० मध्ये गोवा जिंकल्यानंतर आफोंसो द अल्बुकर्क याने आपल्या शिपायांना स्थानिक स्त्रियांशी विवाह करण्यास उत्तेजन दिले. विवाह करून येथेच स्थायिक झालेल्यांचा 'कझादो' हा वेगळा वर्ग मानला जाऊ लागला. त्यांच्या संततीला 'मेस्तिसो' म्हणत. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ 'मिसळलेला' एवढाच आहे. पोर्तुगीज मातापित्यांच्या पोटी पण हिंदुस्थानात जन्मलेल्यास 'कास्तिसो' असे निराळे नाव होते. गोव्यात काही वर्षे राहिलेल्या यान हुइखेन फान लिन्सखोतेन या डच प्रवाशाने १५९६ च्या आपल्या ग्रंथात हे भेद नोंदवले आहेत. म्हणजे केवळ रक्त मिसळले की नाही हे पाहून भागत नव्हते; शुद्ध रक्ताचा माणूसही कोणत्या मातीत जन्मला, यावरून त्याची पायरी ठरत होती.

'कास्तिसो' या शब्दातील 'कास्ता' म्हणजे कुळी, वाण. हाच शब्द पोर्तुगीजांनी आपल्या जातिव्यवस्थेला लावला आणि त्यावरून इंग्रजीत 'कास्ट' आले. पुढे त्याच 'कास्ट'पासून इंग्रजांनी 'हाफ-कास्ट' हा शब्द घडवला. आपल्या जातींना नाव देण्यासाठी जो शब्द बाहेरून आला, तोच अर्धा करून, ज्यांना कोणत्याही जातीत जागा नव्हती अशा माणसांवर चिकटवला गेला. या घडामोडीत आपल्या समाजरचनेचे प्रतिबिंब किती आणि युरोपीय वंशकल्पनेचे किती, याचा निवाडा सोपा नाही. दोन्हींचे संगनमत झाले, असे मला वाटते.

मराठी कागदपत्रांतील शब्दकळा येथे तपासण्याजोगी आहे. 'टोपीकर' हा सर्व युरोपीयांना उद्देशून वापरलेला शब्द. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त टोपीकरांविषयी सावधगिरीचा इशारा आहे आणि त्यांच्यातील फिरंगी, इंग्रज, वलंदेज, फरासीस आदी भेदही दिलेले आहेत. 'फिरंगी' हा फारसीतून आलेला शब्द मराठीत मुख्यतः पोर्तुगीजांसाठी स्थिरावला. तलवारीच्या एका प्रकाराला 'फिरंग' म्हटले गेले आणि 'भावप्रकाशा'त एका गुप्तरोगालाही तेच नाव मिळाले. टोपीवरून माणूस ओळखणाऱ्या या शब्दकळेत मिश्र संततीसाठी मात्र वेगळे घर नाही. टोपी घातली की तो टोपीकर. इंग्रजी व पोर्तुगीज कागदांत अशा, विशेषतः सावळ्या वर्णाच्या आणि पोर्तुगीज वंश सांगणाऱ्या शिपायांना 'तोपास' म्हणत. हा शब्द 'टोपी'वरून आला की 'दुभाषी'वरून, याविषयी मतभेद आहेत. पुढे जहाजावरील सफाई कामगाराला हे नाव चिकटले. बंदूक धरणाऱ्याचे नाव झाडू धरणाऱ्याला मिळावे, हा भाषाशास्त्रात ज्याला अर्थापकर्ष म्हणतात त्याचा ठळक नमुना होय.

गोव्यातील मिश्र वंशाच्या वर्गाने पुढे 'मेस्तिसो' हे नाव टाकून 'देसेंदेंत', म्हणजे 'वंशज', असे नाव धारण केले. कोणाचे वंशज, हे सांगण्याची आवश्यकता नव्हती. एकोणिसाव्या शतकात गोव्याच्या लष्करावर या वर्गाचा वरचष्मा होता. १८३५ मध्ये बर्नार्दो पेरिस द सिल्वा या मूळ गोमंतकीयाची प्रांताचा प्रमुख म्हणून नेमणूक झाली, तेव्हा लष्कराने थोड्याच दिवसांत त्यांना हुसकावून लावले. ते लष्कर १८७१ मध्ये विसर्जित झाले आणि त्यासोबत या वर्गाचा दबदबाही ओसरला.

ईस्ट इंडियन : एका नावाचे दोन धनी

या साऱ्या नावांत मराठी वाचकाला सर्वांत जवळचे आणि तरीही सर्वांत फसवे नाव 'ईस्ट इंडियन' हे आहे. आज ते ऐकताच मुंबई, साष्टी आणि वसई परिसरातील, मराठीची बोली बोलणारे ख्रिस्ती बांधव डोळ्यांपुढे येतात. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या नावाचे धनी निराळे होते. कलकत्त्याच्या मिश्र वंशाच्या समाजाने आपली गाऱ्हाणी ब्रिटिश पार्लमेंटपुढे मांडण्यासाठी जॉन विल्यम रिकेट्स यांच्यामार्फत १८२९-३० मध्ये जो अर्ज पाठवला, तो 'ईस्ट इंडियन' या नावाने. कवी हेन्री डेरोझिओ यांनी १८३१ मध्ये, मृत्यूच्या काही महिने आधी, जे दैनिक सुरू केले त्याचेही नाव 'द ईस्ट इंडियन' असेच होते. 'हाफ-कास्ट' हे दुसऱ्यांनी दिलेले नाव, तर 'ईस्ट इंडियन' हे स्वतः निवडलेले. त्यात रक्ताचा उल्लेख नाही, प्रदेशाचा आहे. डेरोझिओ यांच्या पिढीला आपला देश सांगायचा होता, आपले प्रमाण नव्हे.

हे नाव त्या समाजाकडून हळूहळू सुटले. त्याची जागा 'युरेशियन' या शब्दाने घेतली. युल आणि बर्नेल यांच्या 'हॉब्सन-जॉब्सन' (१८८६) या कोशाने या शब्दाची केलेली नोंद मार्मिक आहे : 'हाफ-कास्ट'पेक्षा सौम्य आणि 'ईस्ट इंडियन'पेक्षा नेमके, असे हे नवे नाव असल्याचे कोशकार सुचवतात. सौम्यता आणि नेमकेपणा, दोन्हींची गरज कोणाला होती, हे मात्र कोश सांगत नाही. ज्यांच्यावर हे नाव पडले त्यांना ते लवकरच शिवीसारखे वाटू लागले. सौम्य म्हणून आणलेला शब्द काही दशकांतच कडवट व्हावा, यावरून दोष शब्दात नसून त्याच्यामागील नजरेत होता, हे उघड आहे.

इकडे १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने, मुंबई परिसरातील स्थानिक कॅथलिकांनी 'बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन' स्थापन केली आणि ते मोकळे पडलेले नाव स्वतःकडे घेतले. यामागे व्यावहारिक कारण होते. या समाजाला 'पोर्तुगीज ख्रिश्चन' म्हटले जात असे. नोकऱ्यांसाठी गोव्याहून येणारे कॅथलिकही त्याच नावाने ओळखले जात. आपण येथलेच आहोत आणि मुंबई बेटावर कंपनी सरकारचे सर्वांत जुने प्रजाजन आहोत, हे सरकारला दाखवण्यासाठी त्यांनी कंपनीच्या नावाशी जुळणारे नाव पसंत केले. मिश्र वंशाशी या नावाचा येथे काहीही संबंध नव्हता. हे लोक म्हणजे १५३४ नंतर पोर्तुगीज अमलाखाली बाप्तिस्मा घेतलेले कोळी, कुणबी, भंडारी, सामवेदी इत्यादी समाजांतील कुटुंबांचे वंशज. डिब्रिटो, लोपीस, परेरा ही आडनावे बाप्तिस्म्याच्या वेळी मिळालेली. ती रक्ताची साक्ष नव्हेत. (वसईतील सर्वच ख्रिस्ती स्वतःला ईस्ट इंडियन म्हणवत नाहीत, हेही लक्षात ठेवले पाहिजे.)

हा तपशील येथे विस्ताराने देण्याचे कारण असे की, आडनावावरून वंश ठरवण्याची सवय आपल्या वर्गांत, आणि खरे तर प्राध्यापक कक्षातही, अजून आहे. 'सुबोध बायबल'कार फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची २०१९ मध्ये उस्मानाबाद येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी निवड झाली, तेव्हा त्यांच्या धर्मावरून काहींनी विरोध केला. ज्यांनी हयातभर मराठीत लिहिले त्यांना 'बाहेरचे' ठरवताना आडनावाचा आवाज उपयोगी पडतो. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली, फिरंगी सत्ता गेली. मागे राहिलेल्या शेतकऱ्यांच्या नावांत मात्र फिरंगी भाषा राहिली आणि तेवढ्यावरून त्यांची परीक्षा होत राहिली.

वगळताना आई, सामावताना बाप

आता मूळ प्रश्नाकडे वळू. मिश्र वंशाचा माणूस कोण, हे ठरवताना वसाहतीच्या सत्तेने कोणाकडे पाहिले? आईकडे की बापाकडे?

ईस्ट इंडिया कंपनीने १७९१ मध्ये नियम केला की, ज्याच्या मातापित्यांपैकी एक भारतीय आहे अशास कंपनीच्या मुलकी, लष्करी अथवा सागरी सेवेत अधिकारपदी घेऊ नये. १७९५ मध्ये लष्करासंबंधी तो अधिक कडक झाला : आई आणि बाप दोघेही युरोपीय नसतील तर सैन्यात केवळ बासरीवाले, ढोलवाले, बँडवाले आणि नालबंद म्हणूनच प्रवेश. या नियमांत आई स्पष्टपणे उभी आहे. व्यवहारात भारतीय असे ती आईच, आणि तिच्यामुळेच मुलाची वाट बंद होते.

जेम्स स्किनर यांचे चरित्र या संदर्भात पाहण्यासारखे आहे. बाप स्कॉटिश अधिकारी, आई रजपूत. कंपनीच्या सैन्यात अधिकारपद मिळणे शक्य नव्हते, म्हणून हा तरुण महादजी शिंद्यांनी उभारलेल्या, द बॉयन्य याच्या कवायती पलटणींत दाखल झाला. मराठी सत्तेच्या चाकरीत त्याच्या आईची अडचण कोणास वाटली नाही. १८०३ मध्ये इंग्रज-मराठे युद्धाचे ढग जमू लागले, तेव्हा मात्र पेराँ याने इंग्रजी वंशाच्या अधिकाऱ्यांना काढून टाकले. येथे अडचण ठरला तो बाप. पुढे स्किनरने लॉर्ड लेकच्या बाजूने घोडदळ उभे केले आणि ते प्रसिद्धीस आले. तरी बरोबरीच्या अधिकारासाठी त्याला दीर्घ काळ वाट पाहावी लागली. दोन्ही छावण्यांत त्याचे रक्त त्याच्या आड आले. एकदा डावीकडचे, एकदा उजवीकडचे. याच स्किनरने १८२५ मध्ये 'तशरीह-उल-अक्वाम' हा हिंदुस्थानातील जातीजमातींच्या उत्पत्तीचा व रीतिभातींचा सचित्र फारसी ग्रंथ सिद्ध केला. ज्याला जात नव्हती त्याने सर्वांच्या जाती लिहून काढल्या. त्याच्या आईविषयी त्याच्या आठवणींतून जे कळते ते दारुण आहे : मुलींना पडद्याबाहेर, शाळेत पाठवण्याचे ठरताच तिने जीव दिला.

भारतीय आयांच्या बाबतीत कागद एरवीही मुके आहेत. दुर्बा घोष यांनी दाखवल्याप्रमाणे बाप्तिस्म्याच्या नोंदींत, मृत्युपत्रांत आणि खटल्यांत या स्त्रियांची नावे वारंवार गाळली जातात किंवा एखाद्या ख्रिस्ती नावामागे लपतात. बापाचे नाव, हुद्दा, पलटण हे सारे येते. आईच्या जागी 'नेटिव्ह वूमन' एवढेच.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेल्वे, तार आणि जकात खात्यांत या समाजाची गरज भासू लागली आणि सरकारी शब्दाची भाषा पालटली. तोवर 'अँग्लो-इंडियन' याचा अर्थ हिंदुस्थानात राहणारा इंग्रज असा होता. किपलिंगच्या लेखनाला 'अँग्लो-इंडियन साहित्य' म्हणतात ते याच जुन्या अर्थाने. जुनी समीक्षा वाचताना आपले विद्यार्थी येथे नेहमी गोंधळतात. लॉर्ड हार्डिंग यांच्या सरकारने १९११ च्या जनगणनेत हे नाव मिश्र वंशाच्या समाजाला अधिकृतपणे दिले. म्हणजे साहेबाने आपला अंगरखा उतरवून दिला. स्वतः मात्र तो पुन्हा वापरला नाही.

पुढे १९३५ च्या कायद्यात या नावाची व्याख्या आली आणि बहुतांशी तिच्याच वळणाने ती भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद ३६६, खंड (२) मध्ये उतरली. तिचा आशय असा : ज्याचा बाप किंवा पुरुषपरंपरेतील अन्य कोणताही पूर्वज युरोपीय वंशाचा आहे वा होता, जो भारतात अधिवासी आहे, आणि ज्याचा जन्म येथे तात्पुरते नव्हे तर कायम वास्तव्य करणाऱ्या मातापित्यांच्या पोटी झाला, तो अँग्लो-इंडियन. ही व्याख्या मी वर्गात अनेकदा सांगितली होती. काळजीपूर्वक वाचली ती या लेखाच्या निमित्ताने.

तिच्यात 'अँग्लो' आवश्यक नाही. पोर्तुगीज, डच, फ्रेंच कोणताही युरोपीय बाप चालतो. मिश्रणही आवश्यक नाही! भारतीय रक्ताचा उल्लेख संपूर्ण व्याख्येत कोठेही नाही. येथे पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेला, सर्वस्वी युरोपीय वंशाचा माणूसही तिच्यात बसतो. उलट, युरोपीय आई आणि भारतीय बाप यांचे मूल तिच्यात बसत नाही, मग त्याचा रंग, भाषा, धर्म काहीही असो. आई येते ती केवळ 'मातापिता' या जोडशब्दात, वास्तव्याच्या अटीपुरती. १७९१ मध्ये ज्या आईमुळे दार बंद झाले, ती आई दार उघडताना कोणाला आठवली नाही. वगळण्याच्या नियमात आई मोजली गेली आणि सामावण्याच्या नियमात फक्त बाप, हे या संज्ञेचे खरे चरित्र आहे.

घटनाकारांना दोष देण्याचा येथे हेतू नाही. फ्रँक अँथनी यांनी संविधान सभेत आपल्या समाजाची बाजू ज्या चिकाटीने मांडली, तिच्यामुळे या समाजाला काही काळ आधार मिळाला. अनुच्छेद ३३१ व ३३३ नुसार लोकसभेत दोन सदस्यांच्या आणि राज्य विधानसभांत नामनियुक्तीची तरतूद होती. अनुच्छेद ३३६ नुसार रेल्वे, जकात आणि टपाल-तार खात्यांतील जागा दहा वर्षांपर्यंत, दर दोन वर्षांनी घटत्या प्रमाणात राखल्या गेल्या. १०४ व्या घटनादुरुस्तीने (२०१९) नामनियुक्तीच्या जागा २५ जानेवारी २०२० पासून पुढे चालू ठेवल्या नाहीत. त्या चर्चेत सरकारने २०११ च्या जनगणनेच्या आधारे देशात केवळ २९६ अँग्लो-इंडियन असल्याचे सांगितले; समाजाच्या संघटनांनी हा आकडा फेटाळला. १९५१ मध्ये हीच संख्या एक लाखाहून अधिक नोंदली गेली होती. स्थलांतर झाले हे खरे. पण एवढी माणसे नाहीशी झाली की त्यांनी कागदावर हे नाव सांगणे सोडले, हा प्रश्न आकड्याने सुटत नाही. नामनियुक्ती गेली, व्याख्या मात्र घटनेत तशीच आहे.

मासा आणि आणा

'अक्करमाशी' (१९८४) या शीर्षकाकडे आता वळता येईल. बारा माशांचा एक तोळा. त्यात एक मासा कमी, अकराच मासे, म्हणून हीणकस. त्यावरून अनौरस संतती ती अक्करमाशी. सोनाराच्या काट्यावरचा हा शब्द माणसाला तोलण्यासाठी वापरला गेला. लिंबाळे यांची आई महार आणि बाप पाटील. शाळेच्या कागदावर बापाचे नाव काय लावायचे, येथपासून त्यांच्या प्रश्नांना सुरुवात होते.

'हॉब्सन-जॉब्सन'मध्ये 'आणा' या नाण्याची नोंद वाचताना मी थबकले, ती या शब्दाच्या आठवणीने. मिश्र वंशाच्या माणसाविषयी 'त्याच्यात निदान दोन आणे तरी काळे रक्त आहे' अशा अर्थाने बोलण्याची रीत इंग्रजांत होती, असे कोशकार नोंदवतात. सोळा आण्यांचा रुपया, बारा माशांचा तोळा. दोन्ही समाजांनी माणूस तोलायला बाजारातले माप घेतले. माझ्या विद्यार्थिनीने जे ओळखले होते ते हेच, आणि ती चुकली नव्हती.

तरीही मी तिला 'तसे म्हणता येणार नाही' म्हणाले, त्यातही काही तथ्य होते. माप सारखे असले तरी काटा वेगळ्या बाजूला झुकतो. अँग्लो-इंडियन या नावाला बापाचा अभिमान सांगता येतो. तो तसा सांगावा म्हणूनच ते नाव दिले गेले. अक्करमाशीला बापाचे नाव सांगता येत नाही. पाटलाचा मुलगा म्हणून त्याला वाड्यात जागा नाही, वाटा नाही. मराठी सरदार घराण्यांतील 'लेकावळा', म्हणजे दासीपुत्र, याला निदान पोटापुरते वतन मिळे. बाजीराव आणि मस्तानी यांचा पुत्र समशेर बहादूर (१७३४-१७६१) याला पुण्याच्या ब्रह्मवृंदाने ब्राह्मण म्हणून स्वीकारले नाही. तो मुसलमान म्हणून वाढला, पानिपतावर मराठ्यांच्या बाजूने लढला आणि त्याच्या वंशजांनी बांद्याची नबाबी केली. पेशव्याचा पुत्र असूनही येथे निर्णय आईवरून झाला. नागपूरकडील 'विदुर' समाजानेही ब्राह्मण पित्याचे नव्हे, महाभारतातील दासीपुत्राचे नाव धारण केले. इंग्रजी संज्ञेने आई पुसली. मराठी संज्ञांनी आई पुसली नाही. तिला कायमची आरोपी केली. यांतले अधिक क्रूर कोणते, हे ठरवणे मला जमलेले नाही.

संतोष भूमकर यांनी केलेल्या इंग्रजी अनुवादाचे (२००३) मुख्य शीर्षक 'द आउटकास्ट' असे असून मूळ शब्द उपशीर्षकात ठेवला आहे. अनुवादकाची अडचण समजण्यासारखी आहे. पण 'आउटकास्ट' म्हणजे जातीबाहेरचा. अक्करमाशी जातीबाहेर नाही, दोन जातींच्या मध्ये, एका माशाच्या फटीत आहे. 'हाफ-कास्ट' हा तयार शब्द इंग्रजीत होता. तो वापरणे अशक्य व्हावे इतका तो मळलेला होता. वासाहतिक संज्ञेच्या मळामुळे एका मराठी शब्दाचा नेमका अर्थ इंग्रजीत पोहोचू शकला नाही, असे म्हटले तर ते अतिशयोक्त ठरू नये.

याच्या उलट दिशेचा प्रवास आपल्या समीक्षेत चालू आहे आणि तो मला अधिक चिंतेचा वाटतो. होमी भाभा यांच्या 'द लोकेशन ऑफ कल्चर' (१९९४) नंतर 'हायब्रिडिटी' ही संकल्पना उत्तरवसाहतवादी चर्चेत मध्यवर्ती झाली. मराठीत आपण तिला 'संकर', 'संकरितता' असे प्रतिशब्द दिले आणि चर्चासत्रांतून त्यांचा गौरवाने वापर करू लागलो. रॉबर्ट यंग यांनी 'कलोनियल डिझायर' (१९९५) मध्ये दाखवून दिले आहे की, 'हायब्रिड' या शब्दामागेच एकोणिसाव्या शतकातील वंशशास्त्राचे ओझे आहे. मराठी प्रतिशब्दावर तर दुहेरी ओझे पडते. 'संकर' म्हटले की 'वर्णसंकर' येतो. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायातील अनुलोम-प्रतिलोमांची यादी येते, भगवद्‌गीतेच्या पहिल्या अध्यायातील कुलक्षयाची भीती येते आणि त्या भीतीच्या केंद्रस्थानी पुन्हा कुळातील स्त्रीच असते. आमच्या निफाड तालुक्यात हा शब्द आणखी एका वाटेने येतो. संकरित मका, संकरित टोमॅटो, संकरित गाय हे येथील रोजचे शब्द आहेत, आणि मुलांना 'हायब्रीड' हा शब्द माणसाविषयी वापरताना तो थट्टेनेच वापरायचा असतो हे शिकवावे लागत नाही. अशा वर्गात 'सांस्कृतिक संकर ही मुक्तिदायी अवस्था आहे' हे वाक्य फळ्यावर लिहून पाहावे. मी लिहून पाहिले आहे.

माझे मत असे की, या ऐतिहासिक संज्ञांना एकच गुळगुळीत मराठी प्रतिशब्द शोधू नये. 'मेस्तिसो', 'ईस्ट इंडियन', 'युरेशियन', 'अँग्लो-इंडियन' हे शब्द त्यांच्या काळासह, जसे आहेत तसे वापरावेत आणि प्रत्येक वेळी हे नाव कोणी कोणाला दिले, हे सांगावे. वर्णनाची गरज असेल तेथे 'मिश्र वंशाचे' हा साधा शब्द पुरेसा आहे. भाभांच्या संकल्पनेसाठी 'संमिश्रता' चालू शकेल. सहकाऱ्यांनी याहून बरा शब्द सुचवल्यास तो स्वीकारण्यास हरकत नाही.

नाशिक जिल्ह्यात हा इतिहास फार दूरचा नाही. देवळालीच्या छावणीने आपल्या गावाचे नाव इंग्रजी भाषेला वेडसरपणाचा शब्द म्हणून दिले, ते अनेकांना ठाऊक असते. १८१५ मध्ये मुंबईत गोऱ्या शिपायांच्या व मिश्र वंशाच्या मुलांसाठी सुरू झालेल्या शिक्षणकार्यातून उभी राहिलेली बार्न्स शाळा १९२५ पासून देवळालीत आहे, हे तितकेसे ठाऊक नसते. १८६५ मध्ये थळ घाटातून रेल्वे वर आली आणि इगतपुरी, मनमाड येथे वसाहती उभ्या राहिल्या. ड्रायव्हर, गार्ड, फोरमन यांच्या त्या बंगल्यांत हा समाज दोन-तीन पिढ्या राहिला.

या लेखाच्या तयारीत असताना इगतपुरीच्या जुन्या वसाहतीत बालपण गेलेल्या एका निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्यांशी बोलण्याचा योग आला. "आम्ही त्यांना नुसते 'अँग्लो' म्हणायचो," ते म्हणाले. 'इंडियन' कोणी म्हणत नसे. शेजारच्या बंगल्यातील गार्डसाहेब चांगले मराठी बोलत. घरात मात्र इंग्रजी. त्यांच्याकडे मागच्या खोलीत एक म्हातारी बाई असे, नऊवारी नेसणारी. पाहुणे आले की ती पुढे येत नसे. मुलांची आया म्हणून सर्व तिला ओळखत. ती गार्डसाहेबांची सख्खी आजी होती, हे यांना कळले ते पुष्कळ वर्षांनी, ते कुटुंब परदेशी निघून गेल्यावर.

त्या बाईंचे नाव काय, असे मी विचारले. ते बराच वेळ आठवत राहिले. गार्डसाहेबांचे नाव, आडनाव, बंगल्याचा क्रमांक, कुत्र्याचे नाव, सगळे त्यांना आठवले.